एमएस, जनुकं आणि ‘आपल्यात हा आजार नसतो’

कृष्णकमळ
माझ्या धाकट्या बहिणीला एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे. निदान व्हायला चार वर्षं गेली. सुरुवात डाव्या डोळ्यापासून झाली. तेलकट काचेतून बघावं तसं सगळं धुरकट, डोळा फिरवला की मागच्या बाजूने कळ, आणि लाल रंग त्या डोळ्याला फिका, धुऊन विटल्यासारखा दिसायचा. ती एक डोळा झाकून लाल दुपट्टा बघायची, मग दुसरा झाकून. ‘ताई, हे दोन वेगळे रंग आहेत गं,’ म्हणायची. तीन-चार आठवड्यांत आपोआप बरं वाटलं, म्हणून सगळ्यांनी विषय सोडून दिला. वर्षभराने कमरेखाली बधिरपणा आला. तेव्हा एका डॉक्टरांना मी स्वतः विचारलं, हे एमएस तर नसेल? ते म्हणाले, ‘तो गोऱ्यांचा आजार. आपल्यात नसतो.’ एमआरआय सुचवलाच नाही. पुढच्या दोन अटॅकनंतर दुसरीकडे एमआरआय झाला तेव्हा मेंदूत आणि मानेच्या मज्जारज्जूत मिळून नऊ डाग होते, काही जुने, काही ताजे.

हा धागा त्या रागातून काढलेला नाही. राग होता, आता बराच ओसरलाय. कारण वेगळं आहे. बहिणीची मुलगी सोळा वर्षांची आहे. मागच्या वर्षी तिने विचारलं, ‘मावशी, आईच्या जनुकांमुळे मलाही होणार का?’ तिला खरं उत्तर द्यायचं म्हणून वाचायला बसले, ते अजून वाचतेच आहे. जे समजलं ते इथे मांडते. चुकलं तर जाणकारांनी दुरुस्त करावं.

एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या वेष्टनावर उलटते. जगभरात २९ लाखांच्या आसपास लोकांना हा आजार आहे आणि बायकांत तो पुरुषांच्या किमान दुप्पट. जनुकांचा धागा पहिल्यांदा हाती लागला १९७२ मध्ये. सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाचा जनुकांचा एक पट्टा आहे, प्रतिकारशक्तीला आपलं-परकं ओळखायला मदत करणारा. त्यातले काही प्रकार एमएसच्या रुग्णांत जास्त सापडतात, असं तेव्हा दिसलं. पुढे त्यातला सगळ्यात महत्त्वाचा ठरला तो एचएलए-डीआरबी१*१५:०१. युरोपीय वंशाच्या लोकांत तो असेल तर धोका सुमारे तिप्पट होतो. एमएसच्या बाबतीत दुसऱ्या कुठल्याच सर्रास आढळणाऱ्या जनुकाचं वजन याच्या जवळपासही येत नाही.

बाकीची जनुकं शोधायला पुढची पस्तीस वर्षं लागली. २००७ मध्ये आयएल७आर आणि आयएल२आरए ही दोन सापडली. मग नमुने वाढत गेले. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ४७,४२९ रुग्ण आणि ६८,३७४ निरोगी लोक होते, आणि जनुकसंचात धोक्याशी जोडलेल्या २३३ खुणा निघाल्या. त्यातल्या ३२ त्या एचएलएच्या भागातच, आणि एक एक्स गुणसूत्रावर. मला सगळ्यात धक्का याचा बसला की या खुणा मुख्यतः प्रतिकारशक्तीच्या पेशींत काम करणाऱ्या जनुकांजवळ आहेत. टी पेशी, बी पेशी, आणि मेंदूतल्या मायक्रोग्लिया, म्हणजे तिथल्या पहारेकरी पेशी. आजार मेंदूत दिसतो, पण त्याची बीजं रक्तात आणि लसिकाग्रंथींत आहेत.

आता मुद्द्यावर येते. ते ४७ हजार रुग्ण सगळे युरोपीय वंशाचे होते. ‘तिप्पट’ हा आकडा त्यांच्यात मोजलेला आहे. २३३ खुणाही त्यांच्यात सापडलेल्या. जगातल्या बाकी लोकांविषयी आपण बोलतो तेव्हा एका गावात मोजलेला पाऊस दुसऱ्या गावच्या शेताला लावतो. आणि याचे परिणाम दोन्ही बाजूंनी होतात. कुणाला वाटतं आपल्याला हा आजार होतच नाही, आणि तपासणी राहून जाते. कुणाच्या हातात रिपोर्ट पडतो आणि ते उगाच घाबरून जातात. माझ्या घरात दोन्ही झालं.

अवनी
कृष्णकमळताई, मनापासून लिहिलंत. बहिणीची तब्येत आता कशी आहे? औषधं सुरू आहेत ना?

कृष्णकमळ
हो, अवनी. दर सहा महिन्यांनी सलाइनमधून औषध असतं. दोन वर्षांत नवा अटॅक नाही. उन्हाळ्यात पाय जड होतात, बाकी नोकरी सुरू आहे.

वाटसरू
माहिती चांगली आहे, पण एक गोष्ट खटकली. २०२४ च्या जानेवारीत ‘नेचर’मध्ये प्राचीन डीएनएचा अभ्यास आला होता. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातले पशुपालक, ज्यांना याम्नाया म्हणतात, पाच हजार वर्षांपूर्वी युरोपात शिरले आणि एमएसचा धोका वाढवणारी जनुकं त्यांच्याबरोबर आली. उत्तर युरोपात त्यांचा वारसा जास्त, म्हणून तिथे एमएस जास्त. मग डॉक्टर म्हणाले ते अगदीच चुकीचं होतं का? युरोपीय रक्त जितकं जास्त तितका धोका, हे सिद्धच झालं की.

कृष्णकमळ
वाटसरू, तो अभ्यास मीही वाचलाय आणि मला तो फार आवडला. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांच्या हाडांतून आणि दातांतून काढलेला डीएनए! गुराढोरांच्या सतत सहवासात राहणाऱ्या लोकांना जंतुसंसर्गही जास्त. तेव्हा ज्या जनुकांनी प्रतिकारशक्ती तिखट ठेवली, त्यांनीच पुढच्या पिढ्यांना एमएसचा धोका दिला असावा, अशी त्यांची मांडणी आहे. उत्तर आणि दक्षिण युरोपातला फरक त्यातून बराचसा समजतो.

पण त्यातून ‘युरोपीय रक्त म्हणजे धोका’ एवढंच सूत्र काढलं तर सार्डिनियापाशी अडायला होतं. भूमध्य समुद्रातलं हे बेट. तिथल्या लोकांत स्टेपीचा, म्हणजे त्या गवताळ प्रदेशाचा वारसा युरोपात सगळ्यात कमी असलेल्यांपैकी, *१५:०१ सुद्धा विरळ. आणि तरीही एमएसचं प्रमाण जगातल्या वरच्या रांगेत! तिथे धोका दुसऱ्याच एचएलए प्रकारांतून येतो, *०३:०१ आणि *०४:०५. शिवाय २०१७ मध्ये बी पेशींना जगवणाऱ्या बाफ नावाच्या प्रथिनाच्या जनुकात एक बदल सापडला. या बदलामुळे रक्तात बाफ जास्त राहतं आणि बी पेशीही वाढतात. तो सार्डिनियात बराच आढळतो, उत्तरेकडे कमी होत जातो. त्या बेटावर शतकानुशतकं मलेरिया होता. मलेरियात ज्याने तारलं, त्याच बदलाने एमएसला वाट करून दिली, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे याम्नायांसारखीच कथा, पण जनुक वेगळं आणि जंतूही वेगळा.

आणि स्टेपीचंच म्हणाल तर तो वारसा भारतीय उपखंडातही इसवी सनापूर्वी २००० ते १५०० च्या दरम्यान पोचला. भारतातल्या रुग्णांच्या अभ्यासांतही *१५:०१ पुढे आलाच आहे. ‘आपल्यात नसतो’ म्हणणाऱ्यांनी हे कधी पाहिलंच नाही.

दीपस्तंभ
वाटसरूंच्या मुद्द्याला जोड. मुंबईतल्या आणि पुण्यातल्या पारशी समाजात एमएस आजूबाजूच्या लोकांपेक्षा बराच जास्त आहे, हे १९८८ आणि १९९० च्या अभ्यासांत छापून आलं आहे. ऊन तेच, पाणी तेच, हवा तीच, तरी प्रमाण वेगळं. यात वंशाचा हात स्पष्ट दिसतो. पण त्यातून हेही दिसतं की भारतीय डॉक्टरांना हा आजार निदान पस्तीस वर्षं तरी माहीत आहे. ‘आपल्यात’ म्हणताना कोण कोण धरायचं, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

अमेरिकेतही हेच. काळ्या लोकांना एमएस क्वचित होतो, असं तिथे पिढ्यानपिढ्या शिकवलं गेलं. २०१३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या आरोग्ययोजनेच्या नोंदी तपासल्या, तर नव्याने निदान होण्याचं प्रमाण काळ्यांत लाखामागे वर्षाला १०.२ आणि गोऱ्यांत ६.९ निघालं. लॅटिन वंशाच्यांत २.९, आशियाई वंशाच्यांत १.४. काळ्यांतली वाढ मुख्यतः बायकांत होती. पाठ्यपुस्तकातलं वाक्य उलटंच निघालं.

रेणुका९
मी एचएलए टायपिंगच्या लॅबमध्ये काम करते, मुख्यतः किडनी आणि बोन मॅरो प्रत्यारोपणासाठी. त्यामुळे या ताऱ्यांची आणि अपूर्णविरामांची भाषा रोजची. थोडं सांगते, कारण लोकसमूहांतला फरक नेमका कुठे बसतो ते इथे दिसतं.

रिपोर्टवर डीआरबी१ समोर दोन रकाने असतात, एक आईकडून आलेला, एक बाबांकडून. समजा एकात *१५:०१ आहे आणि दुसऱ्यात *०७:०१. ताऱ्यानंतरचा आकडा म्हणजे कुटुंब, अपूर्णविरामानंतरचा म्हणजे त्या कुटुंबातला नेमका प्रकार. *१५:०१ आणि *१५:०२ यांच्यात प्रथिनाच्या साखळीत ८६ व्या जागी फरक आहे. पहिल्यात तिथे व्हॅलिन नावाचं अमिनो आम्ल, दुसऱ्यात ग्लायसिन. बस्स, एवढंच. पण हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर खोबणीसारखं असतं. जंतूचा किंवा आपल्याच शरीराचा बारीक तुकडा त्या खोबणीत ठेवून टी पेशीला दाखवायचा, हे त्याचं काम. ८६ वी जागा बरोबर खोबणीच्या एका खिशात येते. तिथे ग्लायसिन असेल तर खिसा खोल राहतो, व्हॅलिन असेल तर उथळ होतो. कोणता तुकडा घट्ट बसणार आणि कोणता निसटणार, ते त्यावर ठरतं.

दक्षिण आणि आग्नेय आशियात *१५:०२ बऱ्यापैकी आढळतो. पूर्वीच्या चाचण्या दोन्हींना सरसकट डीआर२ म्हणायच्या, नंतर डीआर१५. जुन्या अभ्यासात ‘आशियाई लोकांत डीआर२ चा संबंध क्षीण’ असं वाचाल तेव्हा हे लक्षात ठेवा. ज्यांना एकाच गोणीत भरलं होतं ते दोन वेगळे प्रकार होते.

चांदणवेल
रेणुका, किती सोपं करून सांगितलंस! मग आफ्रिकी वंशात कोणता प्रकार असतो?

रेणुका९
तिथे *१५:०३ आढळतो, *१५:०१ चा जवळचा भाऊ. त्यावरून आमच्या क्षेत्रातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट आठवली.

युरोपीय लोकांत *१५:०१ एकटा येत नाही. शेजारच्या जनुकाचा प्रकार डीक्यूबी१*०६:०२ जवळपास प्रत्येक वेळी त्याच्याबरोबर. दोन मित्र कायम जोडीने फिरतात, चोरी झाली तेव्हा दोघंही तिथे होते, मग चोर कोण? युरोपीय नमुने कितीही वाढवले तरी हे सुटेना, कारण दोघं वेगळे सापडतच नव्हते. आफ्रिकी वंशाची गुणसूत्रं या बाबतीत वेगळी. माणसाचा सगळ्यात जुना इतिहास तिथला, त्यामुळे पिढ्यानपिढ्यांच्या अदलाबदलीत शेजारी जनुकांच्या जोड्या जास्त फुटलेल्या. २००४ मध्ये आफ्रिकन-अमेरिकन रुग्णांचे नमुने तपासले, तर काहींच्यात डीआरबी१*१५ होतं पण डीक्यूबी१*०६:०२ नव्हतं, आणि तरी एमएसशी संबंध टिकून होता. संशय डीआरबी१ वर पक्का झाला.

वेगळ्या लोकसमूहांचे नमुने घेतले की त्या समूहाचा फायदा होतोच, पण सगळ्यांसाठी असलेलं कोडंही सुटतं. हे मी नवीन आलेल्या प्रत्येक तंत्रज्ञाला सांगते.

पाऊलवाट
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझ्या भावाचं कुटुंब थंड देशात स्थायिक झालंय. त्याची मुलं तिथेच जन्मली. जनुकं तर आमचीच आहेत. मग त्यांचा धोका आमच्यासारखा की तिथल्यांसारखा?

दीपस्तंभ
पाऊलवाट, यावर चांगले अभ्यास आहेत. भारतीय उपखंड, आफ्रिका आणि वेस्ट इंडीजमधून ब्रिटनमध्ये गेलेल्या लोकांत एमएसचं प्रमाण कमी होतं. पण त्यांच्या ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलांत ते स्थानिकांच्या जवळपास पोचलं, हे १९९० मध्ये दाखवलं गेलं. एका पिढीत जनुकं बदलत नाहीत. बदलतं ते वातावरण. त्याआधी दक्षिण आफ्रिकेत युरोपातून आलेल्यांचा अभ्यास झाला होता. जे लहानपणी, साधारण पंधराव्या वर्षाच्या आत आले त्यांना कमी धोका, मोठेपणी आलेल्यांना मूळ देशासारखा. म्हणजे कुमारवयापर्यंत काहीतरी ठरतं.

त्या ‘काहीतरी’त सगळ्यात पुढे आहे एपस्टाइन-बार विषाणू. २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून जास्त लोकांच्या नोंदी आणि साठवलेलं रक्त तपासून दाखवलं की हा विषाणू झाल्यानंतर एमएसचा धोका ३२ पट वाढतो. पण जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांना तो होऊन गेलेला असतो, आणि एमएस मोजक्यांनाच होतो. त्या मोजक्यांतला फरक समजायला पुन्हा जनुकांकडे यावं लागतं. हा विषाणू लहान मुलाला झाला तर बहुतेक वेळा कळतही नाही, कुमारवयात झाला तर ताप, गाठी, महिनाभर थकवा. जिथे तो लहानपणीच सगळ्यांना होऊन जातो तिथे एमएस कमी का, यामागे हे एक कारण मानलं जातं.

मुलांसाठी करण्यासारखं म्हणाल तर दोन गोष्टींवर पुरावा भक्कम आहे, सिगारेट आणि किशोरवयातला लठ्ठपणा. स्वीडनमधल्या २०११ च्या अभ्यासात *१५ असलेल्या, संरक्षण देणारा एचएलए-ए*०२ नसलेल्या आणि धूम्रपान करणाऱ्यांचा धोका, यातली एकही जोखीम नसलेल्यांच्या तुलनेत १३ पटींहून जास्त निघाला. जनुक आणि धूर सुटे सुटे मोजले तर एवढा आकडा येत नाही, एकत्र आले की येतो.

पाऊलवाट
धन्यवाद. पुतण्याला ही सिगारेटची ओळ अशीच्या अशी पाठवतो.

मनवा
वाचतेय. माझा अनुभव सांगू का? मी थुंकी पाठवून घरबसल्या करतात तशी जनुकचाचणी करून घेतली होती. रिपोर्टमध्ये ‘मल्टिपल स्क्लेरॉसिस : सरासरीपेक्षा जास्त धोका’ असं लाल अक्षरात आलं. घरात कुणालाही हा आजार नाही. तेव्हापासून हातापायाला मुंग्या आल्या की रात्रभर झोप लागत नाही. न्यूरोलॉजिस्टनी तपासून सगळं ठीक सांगितलंय, तरी मन ऐकत नाही. *१५:०१ माझ्यात आहे म्हणे.

आकडेमोड
मनवाताई, मी संख्याशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. पण ‘तिप्पट’ या शब्दाने जी झोप उडते ती मला तुमच्यासमोर पाटीवर मांडून दाखवायची आहे.

समजा एका लोकसमूहात हजारात दोघांना एमएस होतो. चौथाई लोकांत, म्हणजे २५० जणांत *१५:०१ आहे, ७५० जणांत नाही. असणाऱ्यांना तिप्पट धोका. आता गणित करा : त्या दोन रुग्णांपैकी एक २५० मधला निघतो आणि एक ७५० मधला. म्हणजे तुमच्यासारख्या हजार वाहकांपैकी साधारण चौघांना आजार होतो, ९९६ जणांना होत नाही. आणि दुसरीकडे, निम्म्या रुग्णांत हे जनुक नसतंच. (हे आकडे सोयीसाठी घेतलेत, पण उत्तर युरोपातलं चित्र याच्या आसपासच आहे.)

आता असा लोकसमूह घ्या जिथे आजार मुळातच दहापट कमी. तिप्पट तिथेही तिप्पटच धरू. तर दहा हजार वाहकांपैकी चार. ९,९९६ जणांना काही होत नाही. तुमच्या रिपोर्टने तुमचं ‘जास्त’ कोणत्या सरासरीशी ताडून पाहिलं? त्यात बारीक अक्षरात युरोपीय वंश लिहिलेलं असेल तर ते ‘जास्त’ तुमच्यासाठी मोजलेलंच नाही.

रेणुका९
आकडेमोड, अगदी बरोबर. मनवा, एक तांत्रिक गोष्टही ऐक. अशा चाचण्या बहुतेक वेळा एचएलए पूर्ण वाचत नाहीत. डीएनएमधलं जवळचं एकच अक्षर बघतात आणि त्यावरून *१५:०१ असल्याचा अंदाज बांधतात. युरोपीय लोकांत ते अक्षर आणि तो प्रकार जोडीने येतात म्हणून अंदाज बरोबर येतो. दुसऱ्या वंशात ही जोडी तेवढी पक्की असेलच असं नाही. वर सांगितलेल्या दोन मित्रांचीच गोष्ट. शेकडो खुणांची बेरीज करून जो एकत्रित गुण काढतात, त्यालाही हेच लागू होतं. युरोपात बसवलेला गुण आफ्रिकी किंवा आशियाई वंशात कमी चालतो, हे बऱ्याच आजारांत दिसून आलंय. एमएसचं निदान एमआरआय, लक्षणं आणि पाठीतल्या पाण्याच्या तपासणीवर होतं. जनुकचाचणी त्या निकषांत नाहीच.

मनवा
रिपोर्ट उघडून पाहिला. शेवटच्या पानावर तळाशी लिहिलंय, ‘युरोपीय वंशाच्या आधारसामग्रीवरून.’ दोन वर्षांत ही ओळ मी एकदाही वाचली नव्हती. तुम्हा दोघांचे आभार कसे मानू कळत नाही.

सावली
माझ्या वडिलांचं इथे लिहावंसं वाटलं. त्यांना आधी एमएस सांगितलं होतं, डोळे आणि मज्जारज्जू दोन्हीकडे जोरदार अटॅक. इंटरफेरॉन हे एमएसचं औषध सुरू केलं आणि ते आणखी बिघडले. दीड वर्षाने एक्वापोरिन-४ ची रक्ततपासणी झाली, पॉझिटिव्ह आली. एनएमओ, म्हणजे न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा वेगळाच आजार निघाला, एमएस नव्हताच. औषध बदलल्यावर सावरले. कुणी हा फरक आधी सांगितला असता तर त्यांची उजवी नजर वाचली असती, हे मनातून जात नाही.

दीपस्तंभ
सावली, वाचून फार वाईट वाटलं. तुम्ही हे लिहिलंत ते बरं केलंत, कारण लोकसमूहांच्या चर्चेत हा भाग सुटतो. जपानमध्ये ‘डोळे आणि मज्जारज्जूचा एमएस’ असा वेगळा आशियाई प्रकार मानत असत. जनुकंही पाश्चात्त्य एमएसशी जुळत नव्हती. २००४ मध्ये रुग्णांच्या रक्तात एक विशिष्ट प्रतिपिंड सापडलं, पुढच्या वर्षी कळलं की ते एक्वापोरिन-४ या प्रथिनावर हल्ला करतं, आणि त्यातले बरेच रुग्ण एनएमओचे होते हे उघड झालं. त्याचा एचएलएशी संबंधही वेगळा, जपानमध्ये डीपीबी१*०५:०१. जनुकं जुळत नव्हती कारण आजारच दुसरा होता. इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड, नॅटॅलिझुमॅब यांनी एनएमओ बिघडू शकतो. युरोपाबाहेरच्या लोकांत एमएस आणि एनएमओ यांचं आपसातलं प्रमाण वेगळं असतं, त्यामुळे तीव्र डोळ्याचा किंवा मज्जारज्जूचा अटॅक आला तर ही रक्ततपासणी मागून घ्यावी.

वाटसरू
माझा सुरुवातीचा प्रतिसाद आता मलाच अपुरा वाटतोय. एक विचारू? हे सगळं जनुकांचं ज्ञान औषधाला काही उपयोगी पडलं का, की नुसता नकाशा?

कृष्णकमळ
पडलं, आणि आधी माहीत असतं तर नुकसान टळलं असतं असंही एक उदाहरण आहे. संधिवातात टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रथिन रोखणारी औषधं गुणकारी ठरली, म्हणून १९९० च्या दशकात एमएसमध्येही तसलं औषध वापरून पाहिलं. रुग्णांचे अटॅक वाढले, कारण कुणालाच कळेना. २०१२ मध्ये समजलं की एमएसचा धोका वाढवणारा टीएनएफआरएसएफ१ए या जनुकातला बदल असं एक सुटं प्रथिन तयार करतो जे रक्तात टीएनएफला अडवतं. औषध जे बाहेरून करत होतं तेच हा बदल आतून करत होता! आज नवी औषधं ठरवताना कंपन्या आधी जनुकांचा कौल घेतात, त्यामागे अशी उदाहरणं आहेत.

आणखी एक सांगते, कारण दोन्ही प्रश्न लोक एकत्र करतात. आजार होण्याची जनुकं आणि तो किती झपाट्याने वाढेल याची जनुकं वेगळी दिसतात. २०२३ मध्ये १२ हजारांहून जास्त रुग्णांच्या अभ्यासात दुसऱ्या गुणसूत्रावर डीवायएसएफ आणि झेडएनएफ६३८ यांच्या मधल्या भागात एक खूण मिळाली. ती दोन्ही बाजूंनी मिळालेल्यांना चालायला आधार लागण्याची वेळ सुमारे ३.७ वर्षं आधी येते. तीही युरोपीय वंशाच्या रुग्णांत.

अवनी
ताई, भाचीला शेवटी काय उत्तर दिलंत? तेच वाचायला थांबलेय.

कृष्णकमळ
तिला आधी जुळ्यांचं सांगितलं. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला एमएस असेल तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण कॅनडातल्या अभ्यासात सुमारे २५ टक्के, स्वीडनच्या नोंदींत १७. अक्षर न् अक्षर तीच जनुकं, तरी चारातल्या तिघांना होत नाही. सख्ख्या भावंडांत अडीच-तीन टक्के. आई किंवा बाबांना असेल तर मुलांना दोन टक्क्यांच्या आसपास. आणि दत्तक घेतलेल्या मुलांत, एकाच छताखाली वाढूनही, सर्वसाधारण लोकांइतकाच. हे सगळे आकडे आजार जास्त असलेल्या देशांतले, आपल्या मूळ लोकसमूहात पाया त्याहून खाली आहे, हेही सांगितलं. तिने वहीच्या मागच्या पानावर शंभर ठिपके काढले, दोन रंगवले आणि बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, ‘आणि हे आपल्या लोकांत कुणी मोजलंय का नीट?’

मोजायला सुरुवात झाली आहे. लंडनमध्ये दक्षिण आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या रुग्णांचे नमुने गोळा करणारा प्रकल्प आहे, भारतातही काही गट काम करतात. बहिणीने गेल्या महिन्यात अशाच एका अभ्यासाला रक्त दिलं. दोन छोट्या ट्यूब, जांभळ्या झाकणाच्या. अर्जात चारही आजी-आजोबांचं जन्मगाव लिहायचं होतं. तीन आम्हाला माहीत होती, चौथ्यासाठी आईच्या आत्याला फोन लावला. त्यांना आधी वाटलं, काही वाईट बातमी आहे.

भाचीलाही नमुना द्यायचा होता. निरोगी माणसांचे नमुनेही तितकेच लागतात ना. पण अठरा पूर्ण नाहीत म्हणून घेतला नाही. तिथल्या ताईंकडून तिने अभ्यासाचा पत्ता लिहून घेतला आणि दोन वर्षांनंतरची तारीख फोनमध्ये टाकून ठेवली आहे.